‘टँगल’ आणि ‘एन्टँगल’ नेमकं कुठं वापरायचं: ‘गुंतणे’पासून बिनचूक इंग्रजी वाक्यापर्यंत

कापूस वेचणीच्या दिवसांत आठवीतल्या एका मुलानं पालकसभेसाठी चिठ्ठी आणली. घरी आई म्हणाली होती, “सरांना सांग, मी कामात गुतलेय.” मुलानं शब्दकोशात ‘गुंतणे’ शोधलं आणि लिहिलं, ‘माय मदर इज एन्टँगल्ड इन कॉटन’. त्याची मेहनत खरी होती, शब्दकोशही खोटा नव्हता. पण ज्याला मराठी येत नाही तो हे वाक्य वाचून समजेल की बाई कापसाच्या धाग्यांत गुरफटल्या आहेत आणि त्यांना कुणीतरी सोडवायला जायला हवं.

गेवराई, अंबड, पैठण या पट्ट्यातल्या मुलांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो. ही चूक दहावीच्या वहीत दिसते, स्पर्धा परीक्षेच्या निबंधात दिसते, नोकरीच्या अर्जातही दिसते. कारण एकच. मराठीतलं ‘गुंतणे’ फार कष्टाळू क्रियापद आहे. दोरा गुंततो, पैसा गुंततो, जीव गुंततो, माणूस कामात गुंततो. इंग्रजीतली ‘टँगल’ आणि ‘एन्टँगल’ ही क्रियापदं यातली दोन-तीनच कामं करतात. म्हणून शब्दाचं भाषांतर करायचं नाही, आधी डोळ्यांपुढचं चित्र बघायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं घ्या. पहिली सोडून थेट व्याकरणावर गेलात तर वाक्य शुद्ध होईल, पण अर्थ चुकेल.

तयारी

वहीचं एक पान घ्या आणि आठवडाभर घरात, शेतात, बसमध्ये कानावर पडलेली ‘गुंतणे’ आणि ‘अडकणे’ असलेली वाक्यं जशी ऐकली तशी लिहा. ‘मांजा तारंत गुतला’, ‘पैसे अडकलेत’, ‘पाय दाव्यात अडकला’, अशी. पुस्तकी वाक्यं नकोत. दहा-बारा पुरेत. पुढच्या प्रत्येक पायरीला हीच लागतील.

मग स्पेलिंग पक्कं करा. ‘टँगल’ म्हणजे टी, ए, एन, जी, एल, ई. भूमितीत कोनाला जो ‘अँगल’ म्हणतात त्याच्या सुरुवातीला टी लावला की झालं. त्याच्याआधी ई आणि एन लावले की ‘एन्टँगल’. मुलं शेवटी ‘ई-एल’ लिहितात. ते ‘एल-ई’ आहे. ‘टँगलिंग’ लिहिताना शेवटचा ई गळतो, ‘टँगल्ड’ लिहिताना नुसता डी लागतो. उच्चारात जोर ‘टँ’वर द्या. सुरुवातीचा ‘एन’ हलका, जवळजवळ ‘इन’सारखा.

सावध: ‘टँगल’चा आपल्या ‘टांगणे’शी काही संबंध नाही. दप्तर खुंटीला टांगलं तर ‘हँग’. दोर विहिरीत लोंबकळतोय तर ‘डँगल’. आणि एखादा प्रश्न हाती घेऊन निपटला तर ‘टॅकल’. हे चार शब्द एका ओळीत लिहून ठेवा. आवाज जवळचे असल्यानं घाईत हात चुकतो.

पायरी 1 : दोरा शोधा

वाक्यातली वस्तू लांब, लवचीक, वळणारी आहे का? दोरा, केस, दावं, कासरा, वायर, मांजा, वेल, जाळं, ठिबकच्या नळ्या. असेल तर ‘टँगल’ शक्य आहे. नसेल तर बहुधा दुसरा शब्द लागेल.

इथं ‘अडकणे’ फसवतं, कारण मराठीत दोरा नसतानाही आपण अडकतो. दार अडकलं, घास घशात अडकला, ट्रॅक्टर चिखलात रुतला, एस्टी गर्दीत अडकली. या सगळ्यांना इंग्रजीत ‘स्टक’. ‘द ट्रॅक्टर गॉट स्टक इन द मड.’ इथं ‘एन्टँगल्ड’ लिहिलंत तर चिखलाला दोऱ्या फुटल्यासारखं वाटेल.

बोरी-बाभळीच्या काट्याला पदर अडकतो तेव्हा गुंता होत नाही. कापड एका टोकाला धरलं जातं. त्याला ‘कॅच’ किंवा ‘स्नॅग’. ‘हर सारी कॉट ऑन अ थॉर्न.’ पण तोच पदर मळणी यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात ओढला गेला, गुंडाळला गेला, तर ‘हर सारी गॉट कॉट इन द थ्रेशर’ किंवा ‘गॉट एन्टँगल्ड इन द थ्रेशर’ ही दोन्ही बरोबर. बातमीत किंवा अर्जात हा फरक महत्त्वाचा ठरतो. एका शब्दावरून वाचणाऱ्याला कळतं की कापड नुसतं अडलं की यंत्राला वेढलं गेलं.

तपासा: वहीतल्या प्रत्येक वाक्यात ‘दोरा कुठला?’ असं समासात लिहा. उत्तर नसलेली वाक्यं बाजूला काढा. ती पायरी 6 मध्ये परत घेऊ.

पायरी 2 : गुंता आहे की नीट रचना?

दोरा सापडला म्हणजे ‘टँगल’ ठरलं, असं नाही. ‘टँगल’मध्ये विस्कळीतपणा हवा आणि सोडवायला त्रास हवा.

घरातलंच उदाहरण घ्या. वेणीतले केस एकमेकांत जातात, पण ठरलेल्या क्रमानं. ती ‘ब्रेड’ किंवा ‘प्लॅट’. झोपून उठल्यावर केसांचा जो गोळा होतो तो ‘टँगल’. फणीत निघालेली गुंतवळ म्हणजे ‘अ टँगल ऑफ हेअर’ म्हणता येईल. आणि वर्षानुवर्षं चिकटून घट्ट झालेल्या जटेला ‘मॅटेड हेअर’ म्हणतात, कारण ती आता सुटणारच नाही.

पैठणच्या मागावर ताणा आणि बाणा हजारो वेळा एकमेकांना ओलांडतात. तो गुंता नव्हे, ती वीण आहे: ‘वीव्ह’, ‘इंटरलेस’. पण त्याच मागाशेजारी रेशमाची लड हातातून निसटून जमिनीवर पडली तर ‘द सिल्क गॉट टँगल्ड’. कारल्याचा वेल मांडवाच्या तारेला वळसे घालत चढतो, कुणाला त्रास नाही, म्हणून ‘एन्ट्वाइन’. तोच वेल शेजारच्या दोडक्यात घुसला आणि कुठला कुणाचा कळेना, तर ‘टँगल्ड’.

गाठीचंही तसंच. सूरगाठ असो की निरगाठ, ती आपण मारतो. तिला ‘नॉट’ आणि ‘टाय’. गुंता आपोआप होतो. निरगाठ कितीही घट्ट बसली तरी तिला ‘टँगल’ म्हणू नका.

पायरी 3 : ‘टँगल’ घ्यायचं की ‘एन्टँगल’?

बहुतेकांना वाटतं ‘एन्टँगल’ म्हणजे ‘टँगल’चंच जरा भारदस्त रूप. तसं नाही. दोन फरक आहेत आणि दोन्ही वापरात चटकन उघडे पडतात.

पहिला फरक व्याकरणाचा. ‘टँगल’ आपल्या ‘गुंतणे’ आणि ‘गुंतवणे’ या दोन्हींचं काम करतं. ‘लाँग हेअर टँगल्स ईझिली’ म्हणजे लांब केस लवकर गुंततात. ‘द किटन टँगल्ड द वूल’ म्हणजे मांजरीच्या पिल्लानं लोकर गुंतवली. ‘एन्टँगल’ मात्र ‘गुंतवणे’ आहे. त्याला कर्म लागतं, नाहीतर कर्मणी प्रयोग लागतो. ‘लाँग हेअर एन्टँगल्स ईझिली’ असं कुणी म्हणत नाही. आमच्या मुलांची सर्वांत नेहमीची चूक हीच आहे: ‘द बुलक एन्टँगल्ड इन द रोप.’ कुणाला गुंतवलं बैलानं? वाक्य अधांतरी राहतं. लिहा, ‘द बुलक गॉट एन्टँगल्ड इन द रोप.’

दुसरा फरक चित्राचा. ‘टँगल’मध्ये दोरे आपापसात गुंततात. ‘एन्टँगल’मध्ये सहसा कुणीतरी किंवा काहीतरी बाहेरचं त्या दोऱ्यांत सापडतं आणि निघता निघत नाही. इअरफोनची वायर खिशात गुंतली, ‘टँगल्ड’. नाथसागरात मासेमाराच्या जाळ्यात पाणपक्षी सापडला, ‘एन्टँगल्ड’. पहिल्यात वैताग आहे, दुसऱ्यात सुटकेची धडपड.

पायरी 4 : ‘गेट’ की ‘बी’?

मराठीत आपण ‘गुंतला’ आणि ‘गुंतलेला आहे’ यांत सहज फरक करतो. इंग्रजीत तो फरक सहायक क्रियापद करतं. घटना घडली तर ‘गॉट टँगल्ड’, आता तशी अवस्था आहे तर ‘इज टँगल्ड’.

संक्रांतीला गच्चीवरून ओरडायचं असेल, “अरे, मांजा गुंतला!” तर ‘द स्ट्रिंग गॉट टँगल्ड!’ दुसऱ्या दिवशी तारेकडे बोट दाखवून सांगायचं असेल तर ‘द स्ट्रिंग इज टँगल्ड अराउंड द वायर.’ एवढंच. या पायरीवर जास्त वेळ घालवू नका.

पायरी 5 : पुढचा छोटा शब्द

‘इन’, ‘विथ’, ‘अप’. इथं घाई केली तर अर्थ उलटतो.

‘इन’ म्हणजे ज्याच्या आत सापडलो ते: जाळं, दोर, झुडूप, वाद. ‘एन्टँगल्ड इन अ नेट.’

‘विथ’ म्हणजे ज्याच्याशी गुंतलो तो दुसरा दोरा: ‘माय काइट स्ट्रिंग गॉट टँगल्ड विथ हिज.’ माझा मांजा त्याच्या मांजात गुंतला. मराठीत इथंही ‘त्याच्यात’ येतं, म्हणून मुलं ‘इन’ लिहितात.

‘अप’नं गुंता पुरता झाल्याचा भाव येतो: ‘द ड्रिप पाइप्स आर ऑल टँगल्ड अप.’ हंगाम संपल्यावर नळ्या नीट गुंडाळून न ठेवता बांधावर फेकल्या की हे वाक्य दरवर्षी खरं ठरतं.

सावध: ‘टँगल विथ’ माणसाबद्दल, कर्तरी प्रयोगात आलं की अर्थ भांडणाचा होतो. ‘डोन्ट टँगल विथ हिम’ म्हणजे त्याच्या नादी लागू नको, त्याच्याशी पंगा घेऊ नको. ‘ही टँगल्ड विथ द पोलीस’ म्हणजे पोलिसांशी त्याची झटापट किंवा बाचाबाची झाली. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव टँगल्ड विथ मेनी कस्टमर्स’ लिहिलेला एक नमुना माझ्यापुढे आला होता. त्या मुलीला म्हणायचं होतं की खूप ग्राहकांशी तिचा संबंध आला. अर्ज पाठवायच्या आधी तिनं दाखवला म्हणून बरं झालं. तिथं ‘डीलिंग विथ कस्टमर्स’ हवं होतं.

पायरी 6 : जिथं दोरा दिसत नाही

आता बाजूला काढलेली वाक्यं घ्या. इथं सर्वांत जास्त वेळ द्या, कारण खरी गडबड इथंच होते. प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा: यातून सुटायची इच्छा आहे, पण सुटता येत नाही, असं आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर ‘एन्टँगल’ कापून टाका.

काम. ‘मी कामात गुंतलोय.’ सुटण्याची धडपड नाही, वेळ नाही एवढंच. ‘आय ॲम बिझी’ किंवा बोलण्यात ‘आय ॲम टाइड अप’. हात गुंतले असतील तर ‘माय हँड्स आर फुल’. त्या आईची चिठ्ठी अशी हवी होती: ‘माय मदर इज बिझी पिकिंग कॉटन अँड कॅनॉट अटेंड द मीटिंग टुडे.’

पैसा. ‘गुंतवले’ म्हणजे आपण विचारपूर्वक लावले: ‘इन्व्हेस्टेड’. ‘गुंतले’ किंवा ‘अडकले’ म्हणजे आहेत, पण हाताशी नाहीत: ‘टाइड अप’. भाव येईल म्हणून सोयाबीन घरात ठेवलंय, तर ‘अवर मनी इज टाइड अप इन सोयाबीन’. एका अक्षराच्या फरकानं मराठीत अर्थ बदलतो. इंग्रजीत क्रियापदच बदलावं लागतं.

मन. अभ्यासात मन गुंतलं तर ‘अब्सॉर्ब्ड’. नातवात आजीचा जीव गुंतला तर ‘ॲटॅच्ड टू’. प्रेमासाठी ‘एन्टँगल्ड’ वापरलं तर त्यात डोईजड झालेल्या, निस्तरता न येणाऱ्या नात्याचा वास येतो. बहिणीचा साखरपुडा झाला, तर ‘एंगेज्ड’. शब्दकोशात ‘एंगेज्ड’पुढे ‘गुंतलेला’ असा अर्थ सापडतो, म्हणून उलट दिशेनं ‘एन्टँगल्ड’ लिहू नका. साखरपुड्याच्या घरात तो शब्द बोचेल.

गुंतागुंत. दवाखान्यातली ‘गुंतागुंत’ म्हणजे ‘कॉम्प्लिकेशन’. ‘देअर वेअर कॉम्प्लिकेशन्स ड्युरिंग द डिलिव्हरी.’ गुंतागुंतीचं गणित ‘कॉम्प्लिकेटेड’. इथं ‘एन्टँगलमेंट’ लिहू नका.

गुन्हा. ‘या प्रकरणात तो गुंतला असल्याचा संशय आहे.’ इथं तो त्यात सामील होता असं म्हणायचंय, म्हणून ‘इन्व्हॉल्व्ड’. ‘एन्टँगल्ड’ लिहिलंत तर तो बिचारा ओढला गेला, असा कल वाक्यात शिरतो. बातमी लिहिणाऱ्यांनी हे जपायला हवं. एखाद्याला नकळत दोषी किंवा निर्दोष ठरवलं जातं.

मग दोऱ्याविना ‘एन्टँगल्ड’ बसतं कुठं? बांधाच्या वादात. वावराचा बांध कोरल्यावरून दोघा भावांत दावा लागतो, मोजणी येते, हरकत येते, तारीख पडते. पुढं कुणालाच वाद नको असतो, पण सोडता येत नाही. ‘द टू ब्रदर्स हॅव बीन एन्टँगल्ड इन अ लँड डिस्प्यूट फॉर इयर्स.’ सुटायचंय, सुटता येत नाही, अनेक धागे आहेत. आपल्याकडच्या घराघरांत समजणारं हे वाक्य पाठच करा. या शब्दाचं माप त्यातून कायम मिळेल.

तपासा: लिहिलेल्या वाक्यात ‘एन्टँगल्ड’च्या जागी ‘बिझी’, ‘इन्व्हॉल्व्ड’, ‘स्टक’ एकेक ठेवून वाचा. त्यातला एखादा शब्द तुमचा अर्थ पुरता सांगत असेल तर तोच ठेवा.

पायरी 7 : सोडवणं

गुंता सोडवायला ‘अनटँगल’ आणि ‘डिसएन्टँगल’. रोजच्या दोऱ्या-केसांना ‘अनटँगल’. एखाद्याला किंवा स्वतःला कशातून बाहेर काढायचं असेल तर ‘डिसएन्टँगल’, आणि त्याच्यापुढे ‘फ्रॉम’: ‘ही डिसएन्टँगल्ड द बर्ड फ्रॉम द नेट.’ गाठ मात्र ‘अनटाय’.

‘अनरॅव्हल’कडे वेगळं लक्ष द्या. वाकळीचा टाका उसवत गेला तर ‘अनरॅव्हल’, आणि रहस्य उलगडलं तरी ‘अनरॅव्हल’. मराठीत उसवणं हे नुकसान आणि उलगडणं हे समाधान. इंग्रजीत एकच क्रियापद दोन्ही सांगतं. ‘द प्लॅन अनरॅव्हल्ड’ म्हणजे बेत उलगडला नव्हे, बेत फसला, विसकटला. उताऱ्यावरच्या प्रश्नात इथं हमखास गुण जातात.

पायरी 8 : उताऱ्यात भेटला तर

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना हा शब्द इतिहासात आणि विज्ञानात भेटतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर वाचताना ‘एन्टँगलिंग अलायन्सेस’ येतं, म्हणजे पाय गुंतवून टाकणाऱ्या आघाड्या. हे शब्द थॉमस जेफरसन यांनी 4 मार्च 1801 च्या पहिल्या अध्यक्षीय भाषणात वापरले. अनेक जण ते जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावावर लिहितात. वॉशिंग्टन यांनी 1796 च्या निरोपाच्या संदेशात याच आशयाचा सल्ला दिला होता आणि त्यात ‘एन्टँगल अवर पीस अँड प्रॉस्पेरिटी’ असा प्रयोग आहे. पायरी 3 आठवा: क्रियापदापुढे कर्म आहे, शांतता आणि समृद्धी.

भौतिकशास्त्रात ‘क्वांटम एन्टँगलमेंट’. श्रोडिंगर यांनी 1935 मध्ये हे नाव वापरात आणलं. 2022 चं भौतिकशास्त्राचं नोबेल आलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर यांना एन्टँगल्ड फोटॉनवरच्या, म्हणजे प्रकाशकणांवरच्या, प्रयोगांसाठी मिळालं. इथं दोरा नाही आणि सुटकेची धडपडही नाही. दोन कणांची अवस्था अशी जोडलेली असते की एकाचं पुरतं वर्णन दुसऱ्याला वगळून करता येत नाही. हा पारिभाषिक अर्थ विज्ञानापुरताच ठेवा. ‘दोन मित्र एन्टँगल्ड आहेत’ असं निबंधात लिहून मैत्रीची खोली सांगता येत नाही.

सराव

आधी स्वतः लिहा, मग उत्तर बघा.

‘शेळीचा पाय दाव्यात गुंतला.’ शेळी आपणहून सुटू शकत नाही, म्हणून ‘द गोट्स लेग गॉट एन्टँगल्ड इन द रोप.’ ‘टँगल्ड’ही चालेल.

‘पतंग कडुलिंबाच्या झाडात अडकला.’ पतंग म्हणजे दोरा नव्हे. ‘द काइट गॉट स्टक इन द नीम ट्री’, किंवा ‘कॉट’. शेपटी फांद्यांना वेढली असेल तर शेपटीपुरतं ‘टँगल्ड’.

‘बाबा लग्नाच्या तयारीत गुंतलेत.’ ‘फादर इज बिझी विथ द वेडिंग प्रेपरेशन्स.’

‘तो सावकाराच्या कर्जात गुंतत गेला.’ यावर वर्गात नेहमी दोन उत्तरं येतात. ‘ही गॉट ट्रॅप्ड इन डेट’ म्हणणारी मुलं कर्जाला पिंजरा समजतात: आत गेला, दार बंद झालं. ‘ही गॉट मोअर अँड मोअर एन्टँगल्ड इन डेट’ म्हणणारी मुलं ‘गुंतत गेला’मधलं ‘गेला’ पकडतात: एक कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी दागिने, मग सातबारा. दोन्ही बरोबर आहेत. पण मूळ मराठी वाक्यात ते हळूहळू आवळत जाणं आहे, म्हणून मी दुसऱ्याला पूर्ण गुण देतो आणि पहिल्याच्या शेजारी ‘गेला’ एवढंच लिहून वही परत करतो.